दिगंबररावांचे मासे

दुकानात घोंगडीचा भाव चालला होता तेव्हा बातमी आली. गिऱ्हाईक भोकरदनकडचं होतं, मुरलेलं. ते वर यायला तयार नव्हतं आणि मी खाली. तेवढ्यात समोरचा चहावाला हात पुसत आला आणि म्हणाला, "मच्छरदरोगा गेले. आज पहाटं." मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी विचारलं, "कोण?" "अहो ते दिगंबरराव. दिसेल त्या पाण्यात वाकून बघत हिंडायचे ते." गिऱ्हाइकाने मधेच आपला भाव पुन्हा सांगितला, आणि मी घोंगडी घडी करून त्याच्या हातात ठेवली. तो माणूस घाबरला. दारात जाऊन त्याने ती उलगडली, उजेडात धरली, कुठे कसर लागली आहे का ते चाचपून पाहिलं. जालन्याच्या मस्तगडात कोणालाही विचारा, कोंडिबा गिऱ्हाइकाच्या पहिल्या भावाला माल देत नाही. त्या दिवशी दिला.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर चार ओळी लिहा म्हणून सांगणं आलं तेव्हा मी आधी जागेवरून भांडलो. देत होते तेवढ्या जागेत दिगंबरराव बसले असते कदाचित, पण माझं त्यांच्याशी असलेलं भांडण बसलं नसतं. आणि ते वगळून मला त्यांच्याबद्दल लिहिता येत नाही.

निजामाच्या राज्यात ते हिवतापाच्या खात्यात दरोगा होते. सायकलच्या मागे काळ्या तेलाचा डबा, पुढे पिशवीत लांब दांड्याची पांढरी डवली. कुठे डबकं दिसलं की उतरायचे, डवलीने पाणी घ्यायचे आणि त्या पांढऱ्या तळाशी काही वळवळतं का ते बघायचे. वळवळलं की डब्यातलं तेल पाण्यावर. लोक हसायचे. ताप येतो तो हवेने, नाहीतर नव्या काकडीने, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हा सरकारचा माणूस मात्र डासांच्या पोरांची खानेसुमारी करत हिंडतो. पण भाद्रपद-आश्विन आला की जालन्यात घरटी एकजण तरी गोधडीखाली कुडकुडत असायचा. पोरांच्या पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, अशी वाढायची की आंघोळ घालताना आईच्या हाताला लागावी. कोयनेलची कडू गोळी हेच औषध, आणि तीही थुंकून टाकायची रीत.

मी मंठ्याकडचा, धनगराचा. मेंढरं घेऊन फिरणाऱ्याला प्रत्येक पाण्यावर आधी परवानगी मागावी लागते. माझा बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या विहिरीच्या काठावर टोपी काढून उभा राहिला. मी लोकर विकत, घोंगड्या विकत जालन्यात आलो, भांडून भांडून दुकान केलं, आणि घर बांधायच्या आधी आड खोदला. घराला छप्पर नव्हतं तेव्हा माझ्या आडाला कठडा होता, रहाट होता. कोणीही यावं, पोहरा सोडावा, कोणाला विचारू नये, असं मी सांगून ठेवलं होतं. या आडाच्या काठावरच दिगंबरराव मला पहिल्यांदा भेटले. दोराला बांधलेल्या डवलीने पाणी काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बघ, कोंडिबा. तुझ्या आडात अळ्या आहेत."

मला राग आला. माझ्या पाण्याला कोणी नाव ठेवलेलं मला चालत नाही. मी म्हणालो, "असतील. तुमचं तेल मात्र टाकू द्यायचो न्हाई. आम्ही पितो हे."

"तेल न्हाई टाकत. मासे सोडतो. औरंगाबादहून मडक्यात मागवलेत. बोटाच्या पेरायेवढे. ते अळ्या खातात, पाण्याला काही होत न्हाई."

"मस्तगडात येवढे आड असून पहिला मीच दिसलो व्हय?"

ते पुन्हा आडात वाकले. मी विचारलं, "तुमच्या घरच्या आडात न्हाईत अळ्या?"

"आहेत."

"मंग तिथं सोडा आधी."

"आई ऐकत न्हाई. सोवळ्याचं पाणी आहे, त्यात मासे कसे चालतील म्हणते."

"असं. माझी आई मेलीय म्हणून मासे माझ्याकडं."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. ते हसले. तेव्हा मी सौदा ठरवला: मासे आज माझ्या आडात, दिवाळीच्या आत त्यांच्या. कमी-जास्त काही करायला मी तयार होतो, माणसं करतातच. पण दिगंबरराव लगेच म्हणाले, "कबूल." हा त्यांचा स्वभावच. दुकानात आले तरी मी सांगेन त्या भावाला घोंगडी घ्यायचे. पहिल्याच भावाला हो म्हणणाऱ्याचा मला राग येतो. त्याला एकतर माल कळत नाही, नाहीतर आपल्याशी बोलत बसायचं नसतं.

मासे आले. आडात ओतताना अर्धी गल्ली बघायला. आणि पुढे जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं. दिगंबरराव काही दिवसांनी तपासायला आले, डवली बुडवली, तर अळ्या जशाच्या तशा. पुन्हा बुडवली. पुन्हा तेच. मासे तर डोळ्यांना दिसत होते, चांगले गुबगुबीत, हाक मारून बोलावल्यासारखे काठाखाली गोळा झालेले. त्यांना कळेना. तेवढ्यात माझी बायको ठकूबाई परातीत कणकेच्या गोळ्या घेऊन आली आणि एकेक करून आडात सोडू लागली. तिच्यामागे शेजारच्या दोघी, त्यांच्याही हातात गोळ्या. मुंग्यांना साखर घालणाऱ्या बाया त्या, त्यांना हे पुण्य आयतं घरापाशी मिळालं होतं. पण ठकूबाईचं पुण्याशी काही नव्हतं. ती धनगराची लेक. जितराब आपल्या दारात आलं की आधी त्याला चारायचं, मग आपण जेवायचं, एवढं तिला ठाऊक.

दिगंबरराव कठड्यावर बसले. म्हणाले, "वहिनी, हे मासे इथं कामावर आलेत, पाहुणचाराला न्हाई. त्यांना उपाशी ठेवा."

ठकूबाई म्हणाली, "दरोगासाहेब, तुम्ही घरून जेवूनच कामावर येता का न्हाई?"

 त्या दिवसापासून ते आमच्या घरचे झाले. संध्याकाळी सायकल भिंतीला लावून यायचे, आधी आडात वाकून बघायचे, मग माझ्याकडे. पोहरा स्वतः ओढून पाणी प्यायचे, ओंजळीने, भर रस्त्याच्या कडेला. त्या काळी त्यांच्या आळीतल्या माणसाने असं करणं सोपं नव्हतं, हे मी मान्य करतो. ठकूबाईशी रोज तेच. "उपाशी ठेवलेत का, वहिनी?" "ठेवलेत." "मंग हे पाण्यावर काय तरंगतंय?" "वाऱ्यानं आलं असंल." हळूहळू तिने हात आखडला, शेजारणींनाही दटावलं. पुढच्या आश्विनात आमच्या गल्लीत गोधड्या कमी निघाल्या. लोक म्हणाले, यंदा हवा चांगली.

ठरल्या सालची दिवाळी आली आणि गेली. मी विचारलं. "आईला समजावून राह्यलो," म्हणाले. त्यांनी आडावर लाकडी झाकण करून घेतलं, आईने ते काढून भिंतीला टेकवलं. ऊन न लागलेलं पाणी देवाला चालत नाही म्हणाली. दुसरी दिवाळी आली. मी म्हणालो, "दिगंबरराव, आपलं ठरलं ते कोणत्या सालच्या दिवाळीचं?" ते म्हणाले, "बघू." हा शब्द मला बाजारात कोणी ऐकवला तर मी उठून जातो. गावभर दुसऱ्यांच्या पाण्यात वाकणारा माणूस घरी आईसमोर ताठ उभा राहू शकत नव्हता. माझ्या पाण्यात मासे चालतात, तुमच्या पाण्यात चालत नाहीत, हे मी त्यांना हसत हसत बोलायचो. ते हसायचे. मी नंतर नंतर हसत नव्हतो.

त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, दर आश्विनात ताप यायचा. घरात कोयनेल होतं, औषधपाणी व्हायचं, थंडी पडली की त्या उठून कामाला लागायच्या. मुलगा लहान होता. एका साली त्या उठल्या नाहीत...

दिवस-कार्य झाल्यावर काही दिवसांनी दिगंबरराव पुन्हा फिरतीवर निघाले. माझ्याकडे आले, सवयीने आधी आडापाशी गेले, डवली बुडवली. ते वाकलेले बघून माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे. मी म्हणालो, "माझ्या पाण्यात काय बघता? जिथं बघायचं तिथं बघितलं असतं तर वहिनी आज घरात असत्या. बायकोच्या जिवापरीस आईचं सोवळं मोठं झालं तुम्हाला."

ठकूबाई दारात होती. तिने तोंडाला पदर लावला. दिगंबररावांनी डवलीतलं पाणी हळूच परत आडात सोडलं आणि म्हणाले, "बराबर बोललास, कोंडिबा." एवढंच. डवली कठड्यावर तशीच ठेवून सायकल घेऊन गेले. पुन्हा आले नाहीत.

मी बोललो ते मागे घेत नाही. तेव्हा खरं होतं, आजही खरं आहे. पण बाजारात ज्याने आयुष्य काढलं त्याला ठाऊक असतं की पहिला भाव हा शेवटचा नसतो. पहिला भाव चढा सांगतात तो समोरच्याने खाली ओढावा म्हणून. त्यांनी म्हणायचं होतं, आई म्हातारी आहे, ताप काय एका आडातूनच येतो का, तुझ्या तोंडाला काही हाड आहे का. मला शिवी द्यायची होती. मी खाली आलो असतो. निम्म्यावर आलो असतो, त्याच्याही खाली आलो असतो. पण हा माणूस तिथेही पहिल्याच भावाला हो म्हणाला आणि सगळा माल उचलून घेऊन गेला. ही माझी तक्रार आहे, आणि ती ऐकायला आता ते नाहीत.

निजामाचं राज्य गेलं. पाठीवर पंप बांधलेली माणसं आली, त्यांनी डीडीटी मारून भिंती पांढऱ्या केल्या, डास कमी झाले. नळ आले. सगळं श्रेय पंपांना गेलं. सायकलवरच्या दरोग्याचं नाव कोणी घेतलं नाही आणि माझ्या घरात ते मी घेऊ दिलं नाही. एकाच गावात राहून आम्ही समोरासमोर आलो की दोघांपैकी एकजण दुकानाच्या पाटीकडे बघायचा. बहुतेक वेळा मीच.

दिगंबररावांच्या तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. मुलाने बसवलं, चहा दिला. आता तोही केस पिकलेला माणूस, कचेरीतून निवृत्त व्हायला आलेला. मला बसवेना. मी म्हणालो, "तुमचा आड कुठं आहे?" मागच्या अंगणात होता. वापर नव्हता, पण रहाटाला दोर होता. ज्या आडापायी आमचं सगळं गेलं तो मी कधी बघितला नव्हता. मी पोहरा सोडला, ओढून काठावर ठेवला आणि आत पाहिलं. तळाशी दोन मासे गोल फिरत होते, बोटाच्या पेराएवढे.

मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "आजी गेली ना, तिचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी सोडले. निजामाचं राज्य जायच्या आधीच्या हिवाळ्यात. तुमच्याच आडातल्या माशांचा वंश आहे म्हणायचे."

घरी येऊन मी ठकूबाईला विचारलं. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही मंठ्याच्या बाजाराला गेल्ता. ते आल्ते घागर घेऊन. मीच गाळून दिले."

"मला का सांगितलं न्हाई?"

"नको म्हणले. कोंडिबा म्हणंल, उशीर झाला."

म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो. पण म्हणू द्यायचं होतं. आलेला माल मी कधी परत पाठवलेला नाही, कितीही उशिरा आला तरी.

"येवढ्या वर्षांत तरी बोलायचं," मी म्हणालो.

"नाव घेऊ देत होतात का तुम्ही?"

 त्यांची डवली आमच्या आडावर खुंटीला आहे. पांढरा मुलामा बराच उडालाय, काठाला गंज आहे; कोणी हलवली की मी ओरडायचो, का ते कोणी विचारलं नाही. त्या संध्याकाळी मी ती काढली, दोर बांधून आडात सोडली, वर ओढून उजेडाकडे धरली. काही वळवळत नव्हतं. दिवे लागायच्या वेळेला ठकूबाई नेहमीसारखी भाकरीच्या पिठाची गोळी करून आली. इतकी वर्षं ती रोज एक टाकते, एकच, मला दिसत नाही अशा समजुतीने. मी कठड्यावर हात आडवा ठेवला.

"आज नको," मी म्हणालो. "आज उपाशी ठेव त्यांना."