क्षाराचे दोन रकाने

माझी धाकटी बहीण कमल गेली त्याले आज वरीस झालं. गोतातल्या मंडळींनो, तुमाले आठवत नसंल. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी माणसं तुमी.

मले अक्षर येत नाई. मी बोलून राहिली, नात मृणाल टाईप करून राहिली. तिले बजावलं हाय, एकही शब्द गिळायचा नाई.

कमलचं गाव तेल्हाऱ्याकडं, खारपाण पट्ट्यात. दारात हापशी, पण पाणी खारं. प्यायले ती टँकरचंच घे.

दोन वर्षांखाली मृणालच्या ऑफिसनं तिकडच्या हापशांचं पाणी तपासलं. एकदा भर उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर. आकड्यांची दोन टेबलं झाली. ती जोडून हिशेब लावायचं काम मृणालचं.

मग पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. कमलची हापशी, "पिण्यास योग्य".

कमलनं टँकर सोडला. साऱ्या आळीले सांगे, "आमच्या मृणालनं पास केलेलं पाणी हाय. प्या बिनघोर."

एक दिवस फोनवर म्हणाली, "बाई, चपला तंग व्हाले लागल्या. म्हातारपणी पाय वाढतात का गं?"

मी म्हटलं, "जीभ तर आधीच वाढलेली. आता पायही."

दोघी हसलो.

पाय वाढले नव्हते, सुजले होते. किडनी, डॉक्टर म्हणाले. पाण्यानंच झालं असं ते म्हणाले नाईत. मीही म्हणत नाई.

परवा कमलच्या सुनेचा फोन आला. "मावशी, माह्या चपला तंग होऊन राहिल्या."

मृणाल बाजूले जेवत होती. ताट सरकवलं, लॅपटॉप उघडला.

मग मले समजावलं. दोन्ही टेबलांत रकान्याचं नाव एकच, "क्षार". जोडताना मशीननं स्वतःच दोन्ही नावांले शेपटी लावली, एकाले एक्स, एकाले वाय. हिनं घाईत एक रकाना उडवला, दुसऱ्याची शेपटी कापली. उरला तो पावसाळ्यानंतरचा, पाणी गोडं झालं तेव्हाचा. उन्हाळा टेबलातून गेला.

"मशीन काही बोललं नाई?"

"नाही आजी. चूक दाखवणारं एक लाल अक्षर आलं नाही. सगळं नीट चाललं."

लग्नात माझंही नाव बदललं. पण तांदळात लिहून, चार माणसांदेखत.

सुनेले तेव्हाच सांगतलं, ते पाणी बंद कर.

ती म्हणे, "काहून? यादीत तर चांगलं लिवलं हाय. मृणालताईचीच यादी ना?"

इथं मृणाल थांबली.

लिव बाई. मावसआजी तुह्यावर रागावली नसती. थट्टा केली असती, ते जास्त लागलं असतं.

यादी अजून भिंतीवर हाय. आज सकाळीही कोणी तिथं हंडा भरला असंल.

तिकडं तुमचं कोणी असंल तर आताच फोन लावा. यादी चुकली म्हणा. मृणालची चूक हाय आणि तिनंच सांगतलं म्हणा.

उद्या ती निघून राहिली. यादी आपल्या हातानं काढाले, दारोदार सांगाले, पाणी पुन्हा तपासाले.

कमल, निवांत जा. तुह्या सुनेले आमी पाहतो.

बाकीच्यांनी हारफुलं, पेढे पाठवू नका. पोरीसाठी शिदोरी पाठवा. ज्वारीच्या भाकरी, कोरडा झुणका, मिरचीचा ठेचा. दोन भाकरी जास्त बांधा. हे सांगितल्यावर त्या गावात तिले कोणी जेव म्हणंल, असं मले वाटत नाई.