टेलरबाईंची लेक पाजते

टेलरबाई बोलायच्या त्या तोंडात टाचण्या धरून, पण त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. गिऱ्हाइकाबरोबर आलेली मावशी "जरा सैल ठेवा" म्हणाली की बाई फटकारायच्या, "घालणार कोण? तुम्ही की ती?"

पण सतरा वर्षांची लेक बाळंत झाली आणि हे शहाणपण दुकानातच राहिलं. बाळाच्या बापाने कधीच हात वर केले होते. निदान पोरीची शाळा तरी बुडू नये, म्हणून बाईंनी पावडरचा डबा आणि बाटली आधीच आणून ठेवली. शेजारीण म्हणाली, "एवढ्याशा पोरीला कुठलं दूध यायला!" दवाखान्यातली नर्ससुद्धा पोरीकडे न बघता बाईंनाच म्हणाली, "पाजायला सांगा तिला." पलीकडच्या खाटेपाशी आलेले पाहुणे टकामका बघत होते आणि पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

बाळाने टाहो फोडला. बाईंनी बाटली उचलली.

"आई, मला कुणी विचारलं का गं?"

"काय विचारायचं?"

"पाजायचंय का ते. लाज वाटते सगळ्यांसमोर. दूध येईल की नाही, तेही माहीत नाही. पण एकदा बघू तर दे."

बाईंनी ओशाळून बाटली खाली ठेवली. नर्सही वरमली. तिने पडदा ओढला, बाळाला उघडंच पोरीच्या छातीवर पालथं ठेवलं आणि म्हणाली, "आता कुणी हात लावू नका."

मग जे घडलं ते बाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. लेकीच्या वेळी त्यांच्या सासूने पहिला चीक पिळून टाकायला लावला होता, आणि त्यांनी मुकाट्याने टाकलाही होता. इथे मात्र डोळे धड न उघडलेला तो जीव पाय रेटत वर सरकत होता. दमला, थांबला, मूठ चोखली, पुन्हा निघाला. बाईंचे हात शिवशिवत होते. ते त्यांनी मांडीखाली दाबून धरले.

"कुणी शिकवलं हो याला?"

"कुणीच नाही," नर्स म्हणाली.

दोनदा चुकून तिसऱ्यांदा त्याने मोठा आ वासला आणि पकडलं. ओठाच्या कडेला पिवळसर थेंब दिसला. बाई वाकून बघू लागल्या. एवढीशी पोर, एवढंसं पोर, आणि दोघांना सगळं ठाऊक!

"दुखतंय का गं?" बाईंनी विचारलं.

लेकीने बाळावरची नजर काढली नाही.

"आई, हळू बोल ना. तो जेवतोय."