नोझुएच्या फाटकावरची पिशवी

आमच्या गल्लीत नऊ घरं, आणि नऊही घरांचे, सहीऐवजी मारायचे नावाचे शिक्के कोरले एकाच माणसानं, कुरिहारानं. लाकडावर उलटं नाव कोरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मनात धरून ठेवण्यातही नव्हता. माझा शिक्का करायला बसला तेव्हा कागदावर माझं नाव तीनदा लिहून बघितलं आणि चष्मा काढून विचारतो कसा, "एवढं लांबलचक ठेवताना तुमच्या आईला दया नाही आली?"

शिक्का मुख्यतः लागतो तो फळीला. वॉर्डाच्या सूचना चिमट्यानं एका फळीला लावून घरोघर फिरवतात. गटारं कधी साफ करायची, लस कधी टोचायची, कोण वारलं. वाचायचं, शिक्का मारायचा, शेजाऱ्याच्या हातात द्यायची आणि जाता जाता दोन शब्द बोलायचे. कुरिहाराकडून फळी नोझुएकडे, नोझुएकडून माझ्याकडे. पण कुरिहारा ती अकरा वर्षं पिशवीत घालून नोझुएच्या फाटकाला अडकवत होता. बोलणंच बंद.

कारण बर्फ. नोझुएच्या छपरावरून लादी घसरली आणि कुरिहाराच्या अंगणातलं कॅमेलियाचं झाड बुंध्यातून मोडलं. झाड बायकोनं लावलेलं, आणि बायको वारल्यावरचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधीही अजून व्हायचा होता. नोझुए आला, मोडक्या फांद्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "बर्फ काय माझं ऐकतं?" दुसऱ्या दिवशी त्यानं तांदळाच्या बिस्किटांचा चांगला मोठा डबा पाठवला. कुरिहारानं तो न उघडता त्याच्या दारात नेऊन ठेवला.

"मला डबा नको होता," चहा ओतता ओतता कुरिहारा म्हणायचा. "'चुकलं' म्हणायचं. एक शब्द. मरायच्या आधी."

"कोणाच्या? त्याच्या की तुमच्या?"

"ज्याची तयारी आधी होईल त्याच्या."

मी काही कमी नाही. हेच वाक्य तिखटमीठ लावून नोझुएला सांगायचो. तो हसायचा. "त्याला म्हणावं, यंदाही बर्फ पडणार आहे." हे परत इकडे. अकरा वर्षं मी दोन्ही घरचा चहा प्यालो तो याच मालावर.

गेल्या नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी कुरिहारानं पिशवी अडकवली. संध्याकाळी बघतो तर तशीच. नोझुएच्या न्हाणीघरात दिवा चालू. मंगळवारी सकाळी पिशवी तिथंच, दिवाही चालू. दुपारी कुरिहारा हात चोळत माझ्याकडे आला.

"घरात बसलाय आणि मुद्दाम काढत नाहीये. दिवा दिसतोय मला."

"तुम्ही हाक मारा की."

"मी? आता तर मुळीच नाही. बघू कोण दमतं."

मी म्हटलं, "नोझुए शनिवारपर्यंत ताणेल." कुरिहारा म्हणाला, "ताणू दे." आम्ही दोघं हसलो. मला तो हसण्याचा आवाज अजून ऐकू येतो.

बुधवारी सकाळी माझी बायको मित्सुयो म्हणाली, "अहो, गटारसफाई कोणत्या रविवारी आहे? फळी आलीच नाही."

"नोझुएकडे अडकलीय. रुसवा चाललाय."

"अडकलीय म्हणजे?"

मी सगळं सांगितलं, अगदी दिव्यासकट, रंगवून. तिनं हातातला भाताचा वाडगा खाली ठेवला. "दोन दिवस भर उजेडात दिवा? वीज वाचवायला अंधारात जेवणारा माणूस तो! आणि तुम्ही दोघं बघत बसलात?" ती सपाता घालून धावली. दाराला कडी नव्हती. नोझुए न्हाणीघराच्या उंबऱ्यात आडवा पडला होता. डोळे उघडे.

जगला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डॉक्टर पोरसवदा होता, त्यानं कुणाला दोष दिला नाही. "सोमवारीच आणलं असतं तर बोलणं कदाचित राहिलं असतं," एवढंच म्हणाला. कुरिहारानं त्याला वाकून नमस्कार केला तो वर येईना. शेवटी मी खांदे धरून त्याला सरळ केलं.

एक शब्द मात्र नोझुएपाशी उरला होता. "हो." भूक लागली, हो. दुखतंय, हो. नर्सनं खिडकी उघडली, हो.

भेटायची परवानगी मिळाल्यावर पहिल्याच गुरुवारी मी कुरिहाराबरोबर इस्पितळात गेलो. तो खुर्ची ओढून पलंगाशी बसला. बराच वेळ गुडघे चोळले. मग एकदम म्हणाला, "नोझुए, झाडाचं तुझंच चुकलं ना?"

"हो," नोझुए म्हणाला.

कुरिहाराचा चेहरा असा उजळला की मीच खिडकीबाहेर बघायला लागलो. अकरा वर्षं! त्यानं नोझुएचा लुळा हात हातात घेतला. "मग तेव्हाच म्हणायचं होतंस रे, गाढवा."

"हो."

"मी सोमवारी तुझ्या फाटकाशी उभा होतो. दिवा बघितला. मला बरं वाटत होतं, कळलं का? तुला चडफडताना डोळ्यांसमोर आणत होतो मी. मला माफ करशील?"

"हो."

कुरिहारानं चष्मा काढून पुसला. मी त्याच्या बाहीला हळूच ओढलं, म्हटलं, "चला, झालं ना मनासारखं." पण त्यानं आयुष्यभर प्रत्येक शिक्का कोरून झाल्यावर कागदावर दाबून बघितलेला. तो पुढे झुकला.

"नोझुए, तू घोडा आहेस?"

"हो."

"मी तुला मारायला आलोय?"

"हो," नोझुए म्हणाला, तितक्याच मऊ आवाजात, त्याच डोळ्यांनी.

कुरिहारानं हात परत गादीवर ठेवला, पांघरुणाची घडी नीट केली आणि भेटीची वेळ संपेपर्यंत बसून राहिला.

तो अजून दर गुरुवारी जातो. आता काही विचारत नाही. संत्रं सोलतो, शिरा काढून एकेक फोड नोझुएला भरवतो, बोटं पुसतो, भिंतीकडे बघत बसतो. आणि खोलीत कोणी काही विचारलेलं नसताना नोझुए मधूनमधून म्हणतो, "हो."