शेपटी सरळ करणारा माणूस

माझे बाबा हाडवैद्य. निखळलेला खांदा, मुरगळलेलं मनगट, सरकलेला गुडघा, सगळं त्यांच्याकडे यायचं आणि बहुतेक वेळा ताळ्यावर येऊन परत जायचं. पुढे दवाखाने वाढले, माणसं यायची कमी झाली, तेव्हा त्यांनी संग्रहालयात नोकरी धरली. दगडातून सुटी केलेली जुनी हाडं जुळवून सांगाडे उभे करायचे, हे काम. "हे पेशंट बरे," ते म्हणायचे, "ओरडत नाहीत."

ओरडणारी पेशंट घरी होती, म्हणजे मी. माझं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आता ते सरळ व्हायचं नाही, पोरगी चालतेय, पळतेय, सोडून द्या. पण बाबा कसले सोडतात! जगाची हाडं बसवणाऱ्याच्या घरात वाकडं पाऊल, हे त्यांच्या मनाला खात होतं. रोज संध्याकाळी तेल, मालीश, मग लाकडी फळी आणि पट्टे. पट्टे आवळले की मी उशीत तोंड खुपसायची आणि स्वयंपाकघरात आई भांडी जरा जास्तच वाजवायची. पाऊल काही तसूभर हललं नाही. मग बाबांनी सुताराकडून नवी, लांब फळी करून घेतली. ती रात्रभर बांधायची होती. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही.

म्हणून तर शाळा सुटली की मी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसायची. तिथे लांबलचक टेबलावर वाळूने भरलेली उथळ पेटी आणि त्या वाळूत ओळीने रोवलेले मणके. प्राणी होता इक्थिओसॉर, समुद्रात राहणारा, केव्हाच नामशेष झालेला सरपटणारा प्राणी. हे नाव बाबांच्या जिभेवर काही बसेना, ते त्यालाही पेशंटच म्हणायचे. दगडात असतानाचा त्याचा फोटो भिंतीवर होता. त्यात शेपटीचं टोक एकदम खाली वाकलेलं. बाबांनी ते पाहून च्च च्च केलं.

"मोडलीय बिचाऱ्याची. कोट्यवधी वर्षं तसाच पडलाय, कुणी बघितलं नाही."

वाकडं हाड दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. त्यांनी शेपटी सरळ बसवली. वाकणाच्या जागचे मणके खालून निमुळते होते, सरळ मांडल्यावर मधे फटी पडल्या. त्यांत बाबांनी प्लॅस्टर भरलं, वरून पॉलिश पेपर फिरवला आणि संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना बोलावून आणलं.

बाई आधी खो खो हसल्या. मग बाबांचा चेहरा बघून थांबल्या आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"वैद्यबुवा, मोडलेली नव्हती हो ती."

"मग वाकडी कशी?"

"यांचे पूर्वज जमिनीवर चालायचे. मग पाण्यात गेले. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात राहून पायांची वल्ही झाली. अंडी घालायला किनाऱ्यावर येणं सुटलं, पिल्लं पाण्यातच व्हायला लागली. श्वास तेवढा वर येऊन घ्यायचे. आणि शेपटीला माशासारखा, चंद्रकोरीच्या आकाराचा उभा पर आला." त्यांनी दुसऱ्या एका दगडाचं चित्र दाखवलं. त्यात हाडांभोवती शरीराची काळी कड उमटली होती. "हे बघा. कणा वाकून पराच्या खालच्या अर्ध्यात जातो. वरच्या अर्ध्यात हाडच नाही. याच शेपटीच्या जोरावर तर पोहायचे!"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी चित्रातल्या कण्यावरून वाकणापर्यंत बोट फिरवलं.

"म्हणजे हे दुखणं नव्हतंच."

"नव्हतं. तसाच होता तो."

उरलेला वेळ बाबा छिन्नीने आपलंच प्लॅस्टर खरवडत बसले. मला आतून गुदगुल्या होत होत्या. आमच्या वैद्यबुवांची जिरली म्हणून मी घरी जाताना गाणंसुद्धा गुणगुणले.

संध्याकाळी नेहमीसारखं तेल आलं. नवी फळी पलंगाला टेकवून ठेवलेली होती. मी उशीत तोंड खुपसलं आणि दात आवळले. पट्टे काही आवळले जाईनात. शेवटी मान वळवून पाहिलं तर बाबा माझं पाऊल मांडीवर घेऊन नुसतेच बसले होते.

"पट्टे बांधले की दुखतं का गं?"

दारात आलेल्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा, कुठे दुखतंय, किती दुखतंय. मला त्यांनी तो कधीच विचारला नव्हता.

"रोज," मी म्हटलं.

बाबांनी माझं पाऊल, होतं तसं, दोन्ही हातांत धरलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले.