शून्याखाली गेलेली रेघ

सर निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते, आणि त्यांच्या आयुष्यभराच्या सूत्रात मला खोट सापडली.

नांदेडच्या विद्यापीठात मी त्यांची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. विषय मिश्रधातूंचा. दोन जातींचे अणू कसेही विस्कटून बसलेले. त्यांतल्या इलेक्ट्रॉनला कुठल्या ऊर्जेला किती जागा, हे सांगणारं सूत्र सरांनी वर्षानुवर्षं खपून बसवलं होतं. असल्या सूत्राला दोन अटी पाळाव्याच लागतात. जागा कुठेही शून्याहून कमी भरता कामा नयेत, आणि सगळ्या जागांची बेरीज बरोबर एक यायला हवी. मी दोन जातींमधला फरक थोडा वाढवला, तर आलेखाची रेघ एका ठिकाणी शून्याखाली गेली. आठवडाभर स्वतःची चूक शोधली. ती माझी नव्हतीच.

निरोप समारंभात सर हेच सूत्र मांडणार होते. सांगायला माझी जीभ रेटेना. महिनाभर टाळलं आणि शेवटी खाली गेलेला तुकडा शून्यावर आणून प्रिंट त्यांच्या टेबलावर ठेवली. मोठी शहाणी मी!

सरांचा संगणकावर विश्वास नव्हता. प्रत्येक आलेख ते चौकटींच्या कागदावर उतरवत आणि रेघेखालच्या चौकटी पेन्सिलीने मोजत. विभागात सगळे हसायचे, मीही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला.

"बेरीज एकाच्या वर जाऊन राहिली गं."

उणे तुकडा पुसला की बेरीज फुगणारच, एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

"रेघ खाली गेली होती?"

"हो, सर."

"कवापासून माहीत हाय तुला?"

"महिना झाला."

त्यांनी चष्मा काढला. "सूत्र गेलं तर गेलं. पण तू मला सांगायचं न्हाई व्हय?"

समारंभात त्यांनी स्वतःच फळ्यावर ती खोट दाखवली. मी मागच्या बाकावर बसून रडले.

दोन वर्षांनी जळकोटला त्यांच्या घरी गेले, माफी मागायला. सर सोयाबीनबद्दल बोलले, रस्त्याबद्दल बोलले. मी चहा संपवला आणि माफी न मागताच उठले. निघताना काकू फाटकापर्यंत आल्या.

"आता कुणापाशी गणिताचं काढत न्हाईत," त्या हळूच म्हणाल्या. "आज तू आलीस तर बोलतील, म्हणून मी मुद्दाम आतच बसले होते."