राहिलेली सप्तपदी

ज्या माणसाने माझ्या बहिणीला फसवलं, त्याला आमच्या लालबागच्या चाळीत लोक उठून खुर्ची देत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पकडलेल्या पोरांना हा वकील फुकट सोडवून आणायचा. मीही त्याला चहा दिलाय. त्या चहात काही कालवलं नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

बायको वारली असं सांगून त्याने ताईला मागणी घातली. ताई परळला शाळेत शिकवायची. लग्न चाळीतल्या खोलीतच ठरलं आणि नेमकी त्याच दिवशी संध्याकाळपासून संचारबंदी पुकारली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, मंगळसूत्र बांधलं. आमच्याकडे अक्षता पडल्या की लग्न लागलं. पुढे होमापाशी काय चालतं ते बघायला थांबतो कोण? माणसं पानावर बसतात. तेवढ्यात तो भटजींना म्हणाला, "संचारबंदीच्या आत तुम्ही घर गाठा. सप्तपदी उद्या माझ्या घरी करू." जावयाला केवढी काळजी, म्हणून आईचे डोळे भरून आले. तो उद्या कधी उजाडलाच नाही.

वर्षभरात त्याची वारलेली बायको मुलांना घेऊन गावाहून ताई नांदत होती त्या गिरगावच्या घरी आली, चांगली धडधाकट. ताईला त्याने आमच्या दारात आणून सोडलं. पहिली बायको असताना दुसरी करणं तेव्हाही गुन्हाच होता. वडील म्हणाले, पोलिसांत जातो. तो आमच्याच खुर्चीत बसून हसला.

"खुशाल जा. सप्तपदी झालेली नाही. कायद्याने हे लग्नच नव्हे."

पोलिसांनीही तेच ऐकवलं. चाळ म्हणाली, चळवळीचा माणूस आहे, आत्ता नको. ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शाळेतल्या बायकांना काय सांगायचं, लग्न झालं की नाही झालं, या धास्तीने कामावर जाईना, धड जेवेना. आई मला म्हणाली, "तेका सोडू नको." सोडणार कोण होतं? मला तो तुरुंगात नको होता. तुरुंगातून माणूस परत येतो. मला त्याचा काळा कोट हवा होता.

वागणूक वाईट असेल तर वकिलाची सनद काढून घेता येते, हे मला दहा जणांना विचारत फिरल्यावर कळलं. मी तक्रार केली. वकिलांच्या चौकशी समितीपुढे त्याने दिलेल्या वकिलाचं एकच पालुपद: हा खासगी मामला आहे, अशिलांची काही तक्रार नाही. ताई साक्ष देऊन बाहेर निघून गेली. त्याच्यासमोर तिला बसवेना. समितीत एक म्हातारे वकील होते. ते डुलक्या काढतायत असं मला वाटत होतं. त्यांनी मान वर केली आणि त्याला विचारलं, "सप्तपदीवाचून लग्न पुरं होत नाही, हे त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं?"

नाही म्हणाला असता तर कदाचित सुटला असता. पण समोर सगळे वकील. त्यांच्यात अडाणी कसं दिसायचं?

"अर्थात," तो म्हणाला. "मी वकील आहे."

"म्हणजे वकिली तिथेही चालू होती," म्हातारे म्हणाले.

आपण काय बोलून बसलो ते तेव्हा त्याला कळलं. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी पोटभर बघून घेतलं.

हायकोर्टाने त्याची सनद काढून घेतली. निकालात एक वाक्य ताईबद्दलही होतं: ही स्त्री त्याची पत्नी कधीच नव्हती. ते पेपरात छापून आलं. वडिलांनी पेपर घडी करून गादीखाली सरकवला. ताईने तो काढून वाचला आणि मंगळसूत्र उतरवून डब्यात ठेवलं. मी जवळ जाऊन बसले.

"छापू देत," ती म्हणाली. "त्याचं तोंड कसं झालं होतं ते परत सांग. सावकाश सांग."

मी सांगितलं, चांगलं तिखटमीठ लावून. तिने ताट ओढून घेतलं आणि ऐकत ऐकत जेवली.