पाट्या टाकणे

आमच्या ऑफिससमोर पाण्याच्या पाइपासाठी खोल चर खणत होते. परवा दुपारी त्याची कड ढासळली आणि आत उतरलेला मजूर छातीपर्यंत मातीत गाडला गेला. यंत्र लावलं तर वरची माती पुन्हा कोसळेल, या भीतीनं सगळे फावडी आणि पाट्या घेऊन धावले. भरलेली पाटी हातोहात वर येत होती. रांगेच्या टोकाला त्याची बायको ती रिकामी करत होती. मीही पदर खोचून तिच्याशेजारी उभी राहिले.

"बाई, कडेला ओतू नका. लांब टाका, नाहीतर परत आत घसरंल," ती म्हणाली.

नेमून दिलेलं कंटाळवाणं काम कसंबसं उरकण्याला आपण 'पाट्या टाकणं' म्हणतो. शब्द मातीकामावरूनच आला असावा. पाटी भरायची, वाहायची, ओतायची आणि पुन्हा तेच. त्यात मन कशाला लागतं, असं आपण खुशाल ठरवून टाकलं. इथं मात्र एका पाटीपुरतं मन भरकटलं असतं, तर माती त्याच्या तोंडावर गेली असती.

"बोलत ऱ्हावा," ती खाली ओरडायची. "हाय," तो म्हणायचा. एकदा उत्तर आलं नाही. रांग थबकली.

"थांबू नका!" ती किंचाळली.

अखेर त्याला वर काढलं. तो खोकला, पाणी मागू लागला. तिनं त्याच्या कानातली माती बोटानं हळूच काढली, आणि मग ती रडली.